धानाच्या जिल्ह्यातला घरचा हिशोब

अर्थसाक्षरतेचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्याच धड्यात महिन्याचा पगार भेटतो. पगारातून आधी बचत बाजूला काढा, मग घरभाडं, किराणा, शाळेची फी, आणि उरलं तर हौसमौज. धडा चांगला आहे. पण गोंदिया जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना तो लागूच पडत नाही. तिथला पैसा महिन्याला नव्हे, हंगामाला येतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचलं जातं. मे महिन्यात तेंदूपत्ता. ज्यांच्या बांधीला इटियाडोहसारख्या धरणाचं पाणी पोचतं, त्यांचा उन्हाळी धानही त्याच सुमारास निघतो. मग जून उजाडतो आणि पैशाची दिशा उलटी होते. पऱ्हे टाकायचे, रोवणीची मजुरी चुकवायची, खत आणायचं, निंदण करायचं, त्यातच पोरांचे शाळा-कॉलेजचे प्रवेश. सप्टेंबरपर्यंत घरातून पैसा नुसता जात राहतो. तो परत येतो दिवाळीच्या आसपास धान कापल्यावर; आणि धान खरेदी केंद्रावर दिला तर चुकारे खात्यात पडेपर्यंत आणखी वाट पाहावी लागते. याच दिवसांत या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावच्या मंडया (जत्रा) भरतात, पाहुणे येतात, रात्रीची नाटकं रंगतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. वर्षाचा पैसा हातात येण्याची आणि तो खर्च करण्याची वेळ एकच ठरते.

अशा घराला पैशाचं शिक्षण द्यायचं, तर ते या वेळापत्रकाला धरूनच द्यावं लागेल. ते एकट्या कर्त्या माणसाला देऊन भागणार नाही. नवरा-बायको, सासू-सासरे, कॉलेजात जाणारी लेक, सगळ्यांसमोर हिशोब मांडावा लागेल. कुटुंब, ग्राहक आणि पैसा हे तीन विषय विद्यापीठात वेगवेगळ्या विभागांत शिकवले जात असतील, पण घरात ते एकाच वेळी समोर येतात.

विषय जुना आहे

घर चालवणं हा अभ्यासाचा विषय आहे, हे मानायला जगाला बराच वेळ लागला. अमेरिकेतल्या एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १८७३ मध्ये पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. प्रयोगशाळेतलं ज्ञान त्यांनी थेट स्वयंपाकघराकडे वळवलं: पिण्याचं पाणी तपासलं, दुकानातल्या किराण्यातली भेसळ शोधली. १८९९ पासून लेक प्लॅसिड इथे भरलेल्या परिषदांमधून गृहअर्थशास्त्र नावाची विद्याशाखा उभी राहिली आणि तिच्या राष्ट्रीय संघटनेच्या रिचर्ड्स पहिल्या अध्यक्ष झाल्या. थोडक्यात, कुटुंबाचं शिक्षण आणि ग्राहकाचं शिक्षण ही जोडी अगदी सुरुवातीपासूनची आहे.

महाराष्ट्रात हा धागा धोंडो केशव कर्व्यांपर्यंत जातो. कर्वे पेशाने गणिताचे प्राध्यापक. १८९१ ते १९१४ ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि त्यात घराच्या व्यवस्थापनाला व आरोग्याला अभ्यासविषयाचा दर्जा द्यायचा, हा त्या विद्यापीठाचा आग्रह होता. त्या काळी त्यावर टीकाही झाली: मुलींना घरातच अडकवायचं तर विद्यापीठ कशाला? ती शंका अगदीच अनाठायी नव्हती. हा विषय फक्त मुलींना शिकवला आणि त्यातून हिशोब वगळून पाककृती व भरतकाम तेवढं ठेवलं, तर ती खरीही ठरते.

विदर्भात नागपूर हे या शिक्षणाचं केंद्र झालं. १९३२ मध्ये तिथे सुरू झालेलं मुलींचं महाविद्यालय पुढे लेडी अमृताबाई डागा यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि गृहविज्ञानाच्या शिक्षणासाठी नावाजलं. नागपूर विद्यापीठाच्या परिसरात कला शाखेत गृहअर्थशास्त्र हा विषय आजही हजारो मुली घेतात. गोंदियात मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्याच्या आठही तालुक्यांतल्या मुली कॉलेजात जातात आणि संध्याकाळी शेतावरच्या घरी परततात. वर्गात शिकलेलं त्याच दिवशी घरात वापरून पाहण्याची ही सोय मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळते.

या विषयातला एक जुना नियम गोंदियाच्या वर्गात लगेच पटतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिलं, की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ग्रामीण भारतात घरखर्चातले सुमारे ४७ टक्के अन्नावर जातात. घरचा धान असलेल्या कुटुंबाचा तांदळाचा खर्च दिसत नाही, कारण तो पैशात होत नाही. म्हणून हिशोब मांडताना पहिली शिस्त ही, की घरी खाण्यासाठी ठेवलेल्या धानाचीही किंमत लावायची. ती लावली, की शेतीत नेमकं काय उरलं ते पहिल्यांदा स्पष्ट दिसतं.

शेकडा पाच म्हणजे किती?

आता रोवणीच्या दिवसांतला एक हिशोब जवळून पाहू. समजा, एका घराने १ जुलैला २० हजार रुपये उसने घेतले आणि धान विकून नोव्हेंबरअखेर फेडले. मुदत पाच महिने.

गावात व्याज सांगतात ते शेकड्यावर आणि महिन्याचं. ‘शेकडा पाच’ ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाचं ते ६० टक्के होतं. या दराने पाच महिन्यांचं व्याज ५ हजार रुपये. बचत गटातून दोन रुपये शेकड्याने घेतले, तर २ हजार. वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले, तर १ हजार. आणि बँकेचं किंवा सोसायटीचं पीककर्ज असेल व ते मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत शेतकऱ्याला शून्य टक्के व्याज पडतं. रक्कम तीच, मुदत तीच, पण व्याज शून्यापासून ५ हजारांपर्यंत. शेकडा पाच आणि वर्षाला बारा यांतला ४ हजारांचा फरक २०२५-२६ च्या साधारण धानाच्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला २,३६९ रुपयांनी मोजला, तर ४० किलोचे चार कट्टे भरतात. चार कट्टे धान नुसत्या दराच्या फरकात गेला, हे वाक्य कुठल्याही शेतकऱ्याला टक्केवारीपेक्षा लवकर कळतं.

धानाच्या रूपातली उसनवारी तर आणखी महाग. दिढीने एक क्विंटल नेला, की सुगीला दीड क्विंटल द्यायचा. पाच महिन्यांत पन्नास टक्के. वर्षाच्या हिशोबाने १२० टक्के. त्यात रुपयाचा उल्लेखच नसतो, म्हणून हे व्याज आहे असं कोणाला वाटत नाही.

या बाबतीत कायदा कर्जदाराच्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सावकाराला परवाना लागतो आणि दराला मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. दारात येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांसाठीही रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घातले. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, तारण मागता येत नाही, कर्जाचं माहितीपत्रक द्यावंच लागतं आणि वसुलीसाठी धमकावता येत नाही. पण हप्ता महिन्याला आणि उत्पन्न हंगामाला, हा पेच नियमाने सुटत नाही. सही करण्याआधी ऑगस्ट आणि सप्टेंबरचे हप्ते कशातून भरणार, हा प्रश्न घरातच विचारला गेला पाहिजे.

बियाण्याची पिशवी जपून ठेवा

गोंदियातला शेतकरी ग्राहकही आहे, आणि तो दुकानात सर्वांत मोठी खरेदी करतो ती जून महिन्यात. बियाणं उगवलंच नाही किंवा भलत्याच वाणाचं निघालं, तर दाद कुठे मागायची? शेतकरी व्यापारी हेतूने बियाणं घेतो, म्हणून तो ग्राहक नाही, असा युक्तिवाद बियाणे कंपन्या वर्षानुवर्षं करत होत्या. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो आणि ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे तेव्हापासून पक्कं आहे.

हा हक्क वापरायचा तर पुरावा हवा आणि तो खरेदीच्या दिवशीच जमवावा लागतो. पक्की पावती घ्यायची. तीवर वाण आणि लॉट क्रमांक आहे ना, ते पाहायचं. पिशवी वरून न फाडता खालच्या बाजूने उघडायची, म्हणजे टॅग शाबूत राहतो. मूठभर बियाणं पिशवीतच राखून ठेवायचं. उगवण झाली नाही, तर लगेच कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची, म्हणजे तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधीत येऊन पंचनामा करते. शेत नांगरून दुबार पेरणी केल्यावर तक्रार केली, तर दाखवायला काही उरत नाही.

भारतातली ग्राहक चळवळ मोठी करण्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला तो १९८६ मध्ये. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन त्याचाच. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू-सेवांची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. सालेकसा किंवा देवरीच्या माणसाला कंपनीच्या गावी, मुंबई-हैदराबादला, खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र लक्षात ठेवायची: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी नुसता सल्ला हवा असेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

वजनाचंही असंच. कट्टा ४० किलोचा. प्रत्येक कट्ट्यामागे किलोभर धान जास्त गेला, तर ५० कट्ट्यांत अर्धा क्विंटल जातो, हमीभावाने ११८४ रुपयांहून जास्त. मालाचं वजन काट्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, पावतीवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहणं आणि काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का शोधणं, याला पाच मिनिटं लागतात. तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, हेच काम पुडे मोजण्याचं. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा आणि एक हजार पुड्यांची प्रमाण गोणी. रोजचे पुडे त्याच दिवशी वहीत उतरवले, तर हंगामाच्या शेवटी मजुरीच्या आकड्यावर वाद होत नाही आणि पुढे बोनस आला तर तोही पडताळता येतो.

पैसा ठेवायचा कुठे?

चुकारे आले, की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो. व्याज जास्त कोण देतो, हे सगळे विचारतात. बुडालं तर परत कोण देणार, हे फार थोडे विचारतात. बँकेतली ठेव, मग ती राष्ट्रीयीकृत बँकेतली असो वा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतली, ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणाखाली असते. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण लागू नाही. चांगल्या चाललेल्या पतसंस्था पुष्कळ आहेत आणि अडीनडीला त्या धावून येतात. पण लेकीच्या लग्नाचा सगळा पैसा एकाच पतसंस्थेत ठेवण्याआधी हा फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा.

विम्याचा धडाही हंगामाशी बांधलेला आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये, जीवन ज्योतीचा ४३६. दोन्हींतलं संरक्षण प्रत्येकी २ लाखांचं. रोवणीत वीज पडणं, जंगलात सर्पदंश होणं, झाडावरून पडणं हे या जिल्ह्यातले नेहमीचे धोके, आणि अपघाती मृत्यूच्या विम्यात ते बसतात. सर्पदंशात मात्र दवाखान्याची तातडीची नोंद लागते. म्हणजे वैदूकडे वेळ घालवला, तर जीवही धोक्यात येतो आणि वारसांचा दावाही. या दोन्ही योजनांचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात ४५६ रुपये नसले, तर ऐन पावसाळ्यात घर विम्याविना राहतं. तेंदूपत्त्याच्या मजुरीतले तेवढे रुपये खात्यात सोडून द्यायचे, ही सवय शिकवायला एखादं मोठं शिबिर लागत नाही. मे महिन्यात योग्य वेळी दिलेली आठवण पुरते.

फसवणुकीचंही तसंच. अनुदानाचा हप्ता जमा होण्याच्या दिवसांत ‘केवायसी अपूर्ण आहे, ओटीपी सांगा’ असे फोन वाढतात. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आणि पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करायचा. पहिल्या तासात केलेल्या तक्रारीत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहिलेला हवा.

गटाची वही

या सगळ्या शिक्षणाला गावात तयार वर्ग आहे तो बचत गटाचा. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेलं माविम, आणि नंतर उमेद अभियान यांनी गटांचं जाळं खेड्यापाड्यांत नेलं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत हिशोब ही पंचसूत्री गटातल्या कुठल्याही ताईला तोंडपाठ असते. यातली पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाची. वही एकटीच्या हातात राहिली, की गट तिच्यावर अवलंबून राहतो. वही फिरती ठेवली, की दहा जणी हिशोब शिकतात.

पण गट बाईचा आणि निर्णय घरातल्या पुरुषाचा, असं झालं तर शिक्षण अर्धवट राहतं. तिच्या नावावर काढलेलं कर्ज कशासाठी वापरलं, हे तिलाच सांगता येत नाही अशी वेळ येऊ नये. २०२४ च्या वेळवापर पाहणीत भारतात घरचं बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून आलेल्या बाईला रात्री आठच्या प्रशिक्षणाला बोलावणं हा म्हणूनच अन्याय आहे. घरचा हिशोब हे फक्त तिचं कर्तव्य नाही. दादा आणि भाऊजी यांनाही बैठकीत बसवणारा, कॉलेजात मुलांनाही हा विषय घ्यायला लावणारा अभ्यासक्रम हवा.

शिकवून फरक पडतो का?

हा प्रश्न संशोधकांनी प्रामाणिकपणे विचारला आहे. २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. पैशाच्या शिक्षणाने माणसांच्या वागणुकीतला जेमतेम ०.१ टक्का फरक स्पष्ट होतो आणि शिकलेलं काही महिन्यांत विरून जातं, असं त्यांना आढळलं. निर्णयाची वेळ येते तेव्हाच शिकवा, असं त्यांनी सुचवलं. २०२२ मध्ये कायझर, लुसार्डी आणि सहकाऱ्यांनी ७६ काटेकोर प्रयोग तपासले, तेव्हा चित्र बरंच आशादायक निघालं: नीट आखलेल्या शिक्षणाने ज्ञानही वाढतं आणि वागणूकही बदलते.

तिसरा अभ्यास तर गोंदियाच्या शेतकऱ्याबद्दलच असल्यासारखा आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बौद्धिक चाचणी पीक निघण्याआधी आणि पीक विकल्यानंतर घेतली. तीच माणसं, पण हातात पैसा नसताना त्यांचे गुण कमी आले. पैशाची चिंता विचारशक्तीच व्यापून टाकते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या फक्त २७ टक्के प्रौढांना अर्थसाक्षर मानलं गेलं. हा आकडा वाचताना त्या माणसांना कोणत्या महिन्यात प्रश्न विचारले, हेही विचारायला हवं.

म्हणून जिल्ह्यासाठी शिकवणीचं वेळापत्रक असं मांडता येईल. एप्रिल-मेमध्ये पीककर्जाचा अर्ज आणि विम्याचा हप्ता. जूनच्या पहिल्या आठवड्यात बियाण्याची पावती आणि पिशवी. रोवणीच्या काळात वर्ग नको. फक्त व्याजाची तुलना असलेलं एक पान घराघरात द्यावं. ऑक्टोबरमध्ये खरेदी केंद्राची नोंदणी आणि वजन. चुकारे आले, मन मोकळं झालं, की डिसेंबर-जानेवारीत वर्षभराचा हिशोब, ठेव आणि पुढच्या पावसाळ्याची तजवीज. आणि ३१ मार्चच्या आत पीककर्जाची परतफेड, कारण शून्य टक्क्याचा लाभ त्या तारखेवर टिकून आहे.

हे पोचवायला नवी संस्था काढण्याची गरज नाही. गृहअर्थशास्त्राचे, वाणिज्याचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक जिल्ह्यात आहेत, त्यांचे विद्यार्थी गावोगावी आहेत, गटांच्या बैठका ठरलेल्या दिवशी होतात. प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आपल्याच घराचा बारा महिन्यांचा जमाखर्च मांडावा, व्याजाचा दर वर्षाच्या टक्क्यांत काढावा आणि तो घरच्यांपुढे वाचून दाखवावा. प्राध्यापकाने गुण द्यावेत ते या वाचनानंतर घराने कोणता निर्णय बदलला त्यावर. एका बॅचमध्ये पन्नास विद्यार्थी असतील, तर पन्नास घरांना आपल्या पैशाचं वर्षभराचं चित्र मिळेल, आणि शेकडा पाचचं कर्ज घेण्याआधी त्या घरात कोणीतरी पेन हातात घेऊन बसेल.